पोलादाची समिती आणि कर्नाक बंदर

माझा बाप मुंबईच्या कर्नाक बंदरात लोखंडाच्या सळ्या वाहायचा. त्या सळीचा भाव जमशेदपुरात जो तोच मुंबईत कसा, हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही उशिराच कळले.

१९५६ पासून सरकारने पोलादाच्या रेल्वेभाड्याचे समानीकरण केले. सरासरी भाडे किमतीतच मिळवायचे आणि देशभर भाव एक ठेवायचा. (माणसांच्या समानीकरणाची एवढी घाई कुणाला नव्हती.) १९६४ साली जॉइंट प्लँट कमिटी नेमली गेली. तीत मोठे पोलाद कारखाने, रेल्वे आणि सरकारचा पोलाद नियंत्रक. मागणी नोंदवणे, उत्पादनाची आखणी, भाव जाहीर करणे, भाड्याची जुळवाजुळव, सारे तिच्याकडे. १९७८ मध्ये पोलाद विकास निधी आला. गिऱ्हाइकाकडून किमतीतच वसूल केलेला पैसा कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला गेला. उद्योग सावरला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण सावरला कुणाच्या जिवावर? मुंबईच्या कारखानदाराला पोलाद स्वस्त पडले. ज्या आदिवासी मुलखातून खनिज निघाले त्याचा जवळिकीचा फायदा बुडाला. कापसाचे भाडे मात्र कुणी समान केले नाही. जानेवारी १९९२ मध्ये भावनियंत्रण उठले, समानीकरणही गेले. आज ही समिती आकडेवारी गोळा करते.

वेतनाच्या वाटाघाटींसाठी १९६९ साली वेगळी समिती झाली, तीत कामगार संघटना बसल्या. भावाच्या समितीत त्यांना खुर्ची नव्हती. बंदरावरचा हमाल दोन्हींकडे नव्हता. त्याच्यासाठी त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, आणि पुढे बापाचे नाव पहिल्यांदा एका नोंदवहीत चढले.