बॉनेटखालचे बेवारस डबे

व्हिंटेज गाड्यांच्या मेळाव्यात गर्दी होते ती चकाकत्या रेडिएटरभोवती आणि चामड्याच्या सीटभोवती. पण खरी मैफल जमते ती एखाद्या मालकाने बॉनेट उचललं की. पाच-सहा डोकी आत वाकतात. कार्बोरेटर, डायनॅमो, डेल्को, कटआऊट सगळ्यांच्या ओळखीचे निघतात आणि मग कोणीतरी कोपऱ्यातल्या काळ्या डब्यावर बोट ठेवून विचारतं, "हे काय?" मालक मेस्त्रीकडे बघतो आणि मेस्त्री म्हणतो, "कंपनीचंच आहे साहेब, राहू दे."

बहुतेक वेळा ते कंपनीचं नसतंच. विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत मोटारीला जोडायच्या उपकरणांचा एक वेगळाच बाजार होता. गाडीला जे जमत नसे ते करून देणारा डबा कोणीतरी विकायला काढी, आणि पुढे गाडीच सुधारली की तो डबा बेवारस होई. आज त्याची ओळख पटवायची तर रंगरूप पाहून फारसं हाती लागत नाही. तो कशाला जोडलाय, हे पाहावं. नळी, तार, पट्टा किंवा केबल यांपैकी काय आत जातं, काय बाहेर येतं, एवढ्यावर निम्मं काम होतं.

सर्वांत जास्त घोळ घालते ती इनटेक मॅनिफोल्डमधून निघणारी बारीक नळी. इंजिन हवा ओढत असताना तिथे निर्वात तयार होतो, आणि ही फुकटची ताकद त्या काळच्या कारागिरांनी मनसोक्त वापरली. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर उभा बसवलेला, लांबट, तळाकडून कार्बोरेटरला जोडलेला डबा दिसला तर तो जवळजवळ नक्की व्हॅक्यूम टँक असतो. अमेरिकेत स्टुअर्ट, इंग्लंडमध्ये ऑटोव्हॅक. रोल्स-रॉइसच्या वीस हॉर्सपॉवर मॉडेलवर आणि पहिल्या फँटमवर हाच होता, त्यामुळे आपल्याकडच्या संस्थानिकांच्या गाड्यांमध्येही तो भेटतो.

त्याची गरज समजायला फोर्डची मॉडेल टी आठवावी. तिची टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल आपल्या वजनाने कार्बोरेटरकडे वाहत येई. टाकीत पेट्रोल कमी असलं आणि चढ उभा असला की ते पोचत नसे, म्हणून लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. टाकी मागे, खाली नेली तर प्रश्न आणखी बिकट. व्हॅक्यूम टँकच्या आतल्या कप्प्यात एक तरंगता फ्लोट असतो. कप्पा रिकामा असताना मॅनिफोल्डचा निर्वात मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. पातळी चढली की फ्लोट निर्वाताची झडप बंद करतो, बाहेरची हवा आत घेतो आणि पेट्रोल खालच्या कप्प्यात उतरतं. तिथून पुढे वजनानेच कार्बोरेटरला. वीज नाही, पंप नाही! दोष एकच. लांबलचक घाटात ॲक्सिलरेटर दाबून ठेवला की निर्वात मरतो आणि डबा हळूहळू रिकामा होतो. जाणता ड्रायव्हर मधेच क्षणभर पाय उचलतो, तेवढ्यात तो भरून घेतो. महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी सुरू करताना डोक्यावरचा प्लग काढून आत थोडं पेट्रोल ओतावं लागतं. या एका कारणापायी कितीतरी डबे आतून पोकळ करून, शेजारी विजेचा पंप लावून, फक्त शोभेला ठेवलेत. दुरुस्त होणारी गोष्ट अशी मारून ठेवण्याला मी आळस म्हणतो.

त्याच निर्वातावर वायपरही चालत. म्हणून भर पावसात ओव्हरटेक करायला जावं आणि नेमके वायपर झोपावेत, असा तो प्रकार होता. उपाय म्हणून पेट्रोल पंपाच्याच अंगावर हवेचा दुसरा पंप चढवला गेला. एकाच पंपाला दोन नळ्या पेट्रोलच्या आणि दोन हवेच्या दिसल्या तर गोंधळू नये. काचेवर पाणी मारणारी काचेची बरणीही याच कुळातली. फोक्सवॅगन बीटलने मात्र वेगळीच शक्कल काढली. बीटलचं पुढचं झाकण उघडलं की स्टेपनीच्या व्हॉल्व्हपासून पाण्याच्या भांड्याकडे गेलेली नळी दिसते. काच धुवायचा दाब स्टेपनीतल्या हवेचा! हवा ठरावीक पातळीखाली गेली की झडप बंद होते, म्हणजे निदान स्टेपनी कामाची राहते.

केबलवरून पटणारी ओळख त्याहून मजेची. गिअरबॉक्सकडून येणारी स्पीडोमीटरची केबल सरळ डॅशबोर्डला न जाता वाटेत एका पेटीत शिरली आणि तिथून दुसरी केबल पुढे गेली, तर तो स्पीडोस्टॅट. आजच्या क्रूझ कंट्रोलचा पूर्वज. आत फिरती वजनं असतात आणि त्यांच्याविरुद्ध एक स्प्रिंग. डॅशवरच्या चकतीने स्प्रिंगचा ताण ठरवायचा, तो वेग आला की पेडल पायाला उलट ढकलू लागतं. क्रायस्लरने १९५८ मध्ये तो ऑटो-पायलट या नावाने विकायला आणला. १९५० सालचं पेटंट राल्फ टीटर यांचं. इंडियाना राज्यात पिस्टन रिंग बनवणाऱ्या पर्फेक्ट सर्कल कंपनीचे हे इंजिनिअर वयाच्या पाचव्या वर्षापासून अंध होते. त्यांचा वकील गाडी चालवता चालवता बोलू लागला की वेग कमी-जास्त होई, त्या धक्क्यांना वैतागून टीटरना ही कल्पना सुचली, असं सांगतात.

बाकीच्यांची नुसती हजेरी घेतो. १९३० च्या दशकातला स्टार्टिक्स, इंजिन बंद पडलं की आपणहून सेल्फ मारणारा. स्टुअर्ट-वॉर्नरचा साउथ विंड हीटर, कार्बोरेटरमधून मिश्रण ओढून पेट्रोल जाळणारा. मुंबईच्या हवेत त्याचा काय उपयोग? फ्रँट्झचा ऑइल फिल्टर, ज्यात चक्क टॉयलेट पेपरचा रोल बसतो. स्पार्क प्लग काढून तिथे पिळायचा हवेचा पंप, चाकात हवा भरायला. आणि ओल्ड्समोबाइल जेटफायरची बाटली. १९६२ आणि १९६३ या दोनच वर्षांतल्या या टर्बो गाडीला इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण पाजावं लागे. मालक ती बाटली भरायला विसरत, आणि पुढे बऱ्याच गाड्यांचा टर्बोच काढून साधा कार्बोरेटर बसवला गेला. कुठे रिकामी बाटली दिसली तर ती पाण्याची समजून फेकू नका.

आपल्याकडचा एक खास प्रकारही आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा कितीतरी बस आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर धावल्या. भट्टी केव्हाच भंगारात गेली, पण त्या काळातल्या गाडीच्या कार्बोरेटरपाशी जादा झडप किंवा बूच मारलेलं तोंड आढळलं, तर हा संशय जरूर घ्यावा.

जोडणी कळूनही कोडं उरलं तर घासलेट आणि मऊ ब्रश घेऊन डबा पुसावा. जुन्या नळ्यांवरचं पांढरं वेष्टण मात्र खरवडू नये, ते ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. पुसल्यावर नंबर दिसतात. अमेरिकन पेटंटचा नंबर असेल तर अंदाज सोपा जातो: १० लाखावं पेटंट १९११ चं, २० लाखावं १९३५ चं, ३० लाखावं १९६१ चं. नंबर त्यांच्या मध्ये कुठे बसतो ते पाहायचं. डबा त्या सालाआधीचा नाही, एवढं नक्की होतं. लुकासच्या मालावर तर महिना आणि साल ठोकलेलं असतं. सहा व्होल्टच्या उपकरणाला बारा व्होल्ट लावून "चालतंय का बघू" हा प्रयोग कोणीही करू नये.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, २०,००० रुपये फी भरून, दहा वर्षांसाठी. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, इंजिन, चॅसी, बॉडी बदललेली नको. नियमाच्या भीतीने मेस्त्री मंडळी आता असले डबे "नंतर लावलेलं दिसतंय" म्हणून उतरवू लागली तर नुकसान आपलंच. त्या काळी विकत घेऊन लावलेला डबा हा गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे, चालू असो की बंद. तुमच्या ओळखीत कोणाची अशी गाडी उघडली जाणार असेल तर एवढंच करा: आधी चारी बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक नळीला नि तारेला चिठ्ठी बांधा, आणि नाव सापडेपर्यंत डबा भंगारवाल्याला देऊ नका.