कामाला लुंगी घेताय? चौकटी नंतर, कापड आधी

परवा एका मित्राने किल्टचा रील पाठवला. आजकालचा किल्ट हं, सुती, खिसेवाला, कामावर घालायचा. खाली मेसेज, "जूनमध्ये जीन्समध्ये शिजतो यार, हे वसईत चालेल का?" मी म्हटलं, स्कॉटलंडचा जुना किल्ट म्हणजे आठ वार लोकर, ती विरारच्या दमट हवेत नको. आणि पाय मोकळे ठेवून काम करणं आपल्याला नवीन आहे का? कोळीवाड्यात सुरका होताच. चौकटीच्या कापडाचा, पुढे त्रिकोण, पाण्यात उतरलं तरी पायात घोळणार नाही असा. आज तेच काम लुंगी करते.

हा नुसता फॅशनचा विषय नाहीये. ओली जीन्स दिवसभर अंगावर राहिली की जांघेत नायटा होतो. मग आपण कुणालाही न विचारता स्टेरॉइड मिसळलेलं मलम चोळतो, खाज थांबते आणि नायटा पसरत जातो. (मीही केलंय. डॉक्टरांनी झापलं.)

तर, दुकानात काय बघायचं? आधी लुंगी उलटी करा. विणलेल्या चौकटी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात, छापलेल्या मागून फिक्या. मग उजेडासमोर धरा. पलीकडचे चेहरे ओळखू येत असतील तर ती घरात झोपायला ठीक, जाळी ओढायला नाही. लेबलवर सुताचा काउंट असतो, साठ, ऐंशी, शंभर. इथे बरेच जण फसतात, कारण आकडा वाढतो तसा धागा बारीक होतो. शंभरची लुंगी मऊ आणि महाग, पण घासाघाशीच्या कामाला कमी आकड्याचं जाड सूत बरं. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासा. रुमाल रंगला तर उद्या बनियनही रंगणार.

पॉलिस्टर मिक्स लवकर वाळतं, हे पावसाळ्यात खरंच सोयीचं आहे. पण ते घाम शोषत नाही, आणि वेल्डिंगची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं. माझं मत शुद्ध सुती. पहिल्या धुण्यात थोडी आटेल, म्हणून साधारण दोन मीटरपेक्षा आखूड घेऊ नका.

शिवलेली की उघडी? अर्नाळ्याच्या वाऱ्यात शिवलेलीच. आत हाफ पँट, म्हणजे मोबाइल आणि पासचीही सोय झाली. टेलरकडून बाहेर एक खिसा लावून घेतलात की झाला तुमचा किल्ट!

आता जरा सीरियस. वालीव, सातिवलीच्या गाळ्यांत फिरत्या मशीनजवळ लुंगी नको म्हणजे नको. पट्ट्यात टोक अडकलं तर गाठ सुटायच्या आधी माणूस ओढला जातो. २०२५ पर्यंत लागू असलेला कारखाना कायदा १९४८ चा, त्यातही चालू मशीनच्या फिरत्या भागांजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे सांगितले होते. बाईकवर चेनचा तोच धोका. आणि सकाळची विरार फास्ट? दारात कुणाचा तरी पाय लुंगीवर पडणारच. तिथे पँट घाला, लुंगी पिशवीत ठेवा, कामावर पोचून बदला.

किमतीचं गणित सोपं आहे. समजा दोनशेची एका पावसाळ्यात विरली आणि साडेतीनशेची तीन पावसाळे टिकली, तर स्वस्त कुठली? फक्त एकावर भागवू नका, दोन घ्या. आपल्याकडे जुलैत सुती कापड एका रात्रीत वाळत नाही.