तुर्की चहाचं वय

इस्तंबूलच्या बाजारात गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचा भाव ठरायच्या आत चहा हजर होतो. तीन दांड्यांना टांगलेलं ताट एका हातात लोंबकळवत चहावाला गर्दीतून वाट काढतो. ताटात कमरेशी बारीक असलेले काचेचे छोटे पेले, आणि बशीत थेंबही सांडलेला नसतो. दुधाचा पत्ता नाही. चांगल्या चहाचा लालभडक रंग ‘सशाच्या रक्तासारखा’ हवा, अशी तिथली अपेक्षा. दरडोई चहा पिण्यात तुर्कस्तान जगात अव्वल मानला जातो. माणशी वर्षाला तीन किलोंहून जास्त पत्ती लागते. हा थाट पाहिला की तो सुलतानांच्या काळापासून चालत आला असेल, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात घरोघरचा हा चहा तुर्की प्रजासत्ताकाहूनही वयाने लहान आहे.

ऑटोमन साम्राज्याचं पेय होतं कॉफी. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कॉफीखाने निघाले आणि तिथे गप्पांबरोबर राजकारणही शिजू लागलं. १६३३मध्ये चौथ्या मुरादने ते बंद पाडले, पण लोकांची कॉफी काही सुटली नाही. ती यायची प्रामुख्याने येमेनमधून, आणि पहिल्या महायुद्धानंतर येमेन हातचा गेला. युद्धाने खंगलेल्या नव्या देशाला कॉफीसाठी परकीय चलन मोजणं जड जाऊ लागलं. त्याच सुमाराला काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाला, रिझे भागात, निराळीच अडचण होती. तिथले पुरुष रोजगारासाठी रशियात जात. क्रांतीनंतर ती वाट बंद झाली. सीमेपलीकडच्या बाटुमीत मात्र तशाच पावसात, तशाच डोंगरउतारांवर चहाचे मळे उभे होते. १९२४मध्ये रिझेतल्या लागवडीसाठी कायदा झाला, झिहनी देरिन या कृषितज्ज्ञाने बाटुमीच्या बियाण्यावर चिकाटीने काम केलं, आणि १९४७मध्ये रिझेत पहिला चहा कारखाना सुरू झाला. बीटापासून साखर करणारा अल्पुल्लूचा कारखाना १९२६चा, पाशाबाहचेचा काच कारखाना १९३५चा. पत्ती, साखर आणि पेला, तिन्ही स्वदेशी; परंपरा म्हणून जे मिरवतं ते मुळात औद्योगिक धोरण होतं.

यावर कुणी म्हणेल, चहा त्याआधीही होता. होता खरा. रशियातून आलेले समोवार होते, दुसऱ्या अब्दुल हमीदच्या काळात बुर्साला लागवडीचा प्रयत्नही झाला, पण तिथलं हवामान मानवलं नाही. मात्र आयात चहा पिणारी काही घरं असणं वेगळं आणि आख्ख्या देशाचा दिवस चहावर चालणं वेगळं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: सरकारने रुजवलेली सवय ती संस्कृती कसली? पण त्याच सरकारने १९२५मध्ये कायदा करून पुरुषांच्या डोक्यावर युरोपीय हॅट चढवली होती. आज ती कुठे दिसते? १९३२पासून अजान तुर्कीत देण्याची सक्ती झाली. १९५०मध्ये ती उठताच अरबी अजान परतली. हुकूम अनेक सुटले, टिकले थोडे. चहा टिकला, कारण त्याची बैठक तयार होती. कॉफीखान्यात तेच लोक, त्याच खुर्च्या, तोच फाशांचा डाव. पाट्याही ‘कॉफीखाना’ अशाच राहिल्या, फक्त पेय बदललं. शिवाय कॉफी बेताबेताने, मागणीनुसार करावी लागते. चहाच्या दुमजली किटलीत खाली पाणी खदखदत असतं, वर अर्क मुरत असतो; ज्याला जसा हवा तसा कडक-फिका करून द्यायचा. पेला इतका लहान की चहा निवायच्या आत संपतो आणि न मागता दुसरा येतो. पुरे झालं की चमचा पेल्यावर आडवा ठेवायचा. स्वस्त आणि तासन्‌तास चालणारं पेय गप्पांना हवंच होतं. सरकारने ते हाताशी आणून दिलं, इतकंच. (आपल्याकडेही चहा घरोघर पोचला तो विसाव्या शतकातच, आणि मळेवाल्यांच्या प्रचाराचा त्यात मोठा हात होता, म्हणून आपला अमृततुल्य काही परका ठरत नाही.)

कॉफीला या सगळ्यात बढती मिळाली म्हणायची. रोजच्या रगाड्यातून सुटून ती सोहळ्याची झाली. मुलीला मागणी घालायला मंडळी येतात तेव्हा चहा चालत नाही, कॉफीच लागते, आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेऐवजी मीठ घालून त्याची गंमत केली जाते. युनेस्कोच्या वारसा यादीत तुर्की कॉफी २०१३मध्ये गेली. चहाची संस्कृती अझरबैजानसह तिथे पोचली २०२२मध्ये. रिझेतल्या पहिल्या कारखान्याला तेव्हा जेमतेम ७५ वर्षं झाली होती.