फ्रीजला न घाबरणारा जंतू

घरात फ्रीज आला की आपण निर्धास्त होतो. उरलेली भाजी, साठवलेली साय, परवा आणलेलं पनीर, सगळं आत ढकललं आणि दार लावलं की काळजी मिटली! "फ्रीजमध्ये होतं ना, मग काय होतंय त्याला?" हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. पुष्कळशा जंतूंच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे. थंडीत त्यांची वाढ मंदावते किंवा थांबते. पण लिस्टेरिया नावाचा एक जंतू मात्र फ्रीजमधल्या चार-पाच अंश सेल्सिअसलाही सावकाश का होईना, वाढत राहतो. मैत्रिणींनो, नाव जरा अवघड आहे. पण घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर ते माहीत असलेलं बरं.

१९२६ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे प्रयोगशाळेतले ससे आजारी पडून मरू लागले, तेव्हा हा जंतू प्रथम नीट ओळखला गेला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकं वापरण्याची पद्धत रुजवणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून पुढे त्याला हे नाव मिळालं. तो मातीत असतो, कुजक्या पाल्यात असतो, गुरांच्या आतड्यांतही असतो. तिथून कच्च्या दुधात किंवा भाजीवर यायला त्याला कितीसा वेळ लागणार?

धडधाकट माणसाला त्याच्यामुळे फार तर पोट बिघडण्याचा त्रास होतो. पण म्हातारी माणसं, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांची गोष्ट वेगळी. १९८५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून ही लागण पसरली. १४२ रुग्णांपैकी ९३ जणी गरोदर होत्या किंवा ती त्यांची नुकती जन्मलेली बाळं होती. एकूण ४८ मृत्यू झाले. त्यांपैकी २० बाळं पोटातच गेली आणि १० जन्मल्यानंतर. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत 'पोलोनी' नावाच्या तयार, थंडच खायच्या मांसाच्या पदार्थातून हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेहून अधिक दगावले. तिथेही नवजात बाळं फार होती. पुष्कळदा आईला नुसती कणकण येते, अंग दुखतं, आणि दुखणं मात्र बाळाच्या जिवावर बेततं.

आता खरी नवलाची गोष्ट सांगते. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवणारी बाई. जनुकं वगैरे शब्द दिसले की पान उलटायची माझी सवय. पण हे वाचलं आणि वाटलं, हे तर स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगण्यासारखं आहे!

हा जंतू फ्रीजमध्ये वाढतो खरा, पण तिथे तो जवळजवळ निःशस्त्र असतो. आपल्या पेशीत शिरायचं, आत गेल्यावर ज्या पिशवीत अडकतो ती फोडायची, मग शेजारच्या पेशीत घुसायचं, यासाठी त्याला खास प्रथिनं लागतात. ती बनवण्याच्या कृती, म्हणजे जनुकं, त्याच्याजवळ कायम असतात. मात्र त्या कृती वापरात आणणारा एक मुकादम आहे. तोही एक प्रथिनच. त्या मुकादमाला बोलावण्याची चिठ्ठी जंतू थंडीतही लिहून ठेवतो. गंमत अशी, की चिठ्ठीचा सुरुवातीचा भाग घडी घालून मिटलेला असतो. प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला वाचायला सुरुवात करण्याची जागाच सापडत नाही. मग मुकादम येणार कुठून?

थंडीच्या दिवसांत बाटलीतलं खोबरेल तेल थिजतं ना? बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. जरा ऊब दिली की तेल सुटतं. या घडीचंही तसंच. तीस अंशांना ती मिटलेली असते. सदतीस अंशांना, म्हणजे आपल्या तापमापकावरच्या ९८.६ ला, सैल होऊन उलगडते. चिठ्ठी वाचली जाते, मुकादम येतो, हत्यारं तयार होऊ लागतात. म्हणजे ती चिठ्ठी स्वतःच तापमापक! पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ साली हे दाखवून दिलं. त्यांनी चिठ्ठीचा हा घडीचा तुकडा दुसऱ्याच एका जंतूत, चमकणाऱ्या प्रथिनाच्या कृतीला जोडला. तो जंतू सदतीस अंशांना चमकू लागला, तीस अंशांना नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? पाऊस नसताना छत्री घेऊन कोण हिंडतं! मातीत पडून असताना पेशी फोडण्याची हत्यारं बनवणं म्हणजे फुकटचा खर्च. तिथे त्याला पोहायला शेपटीसारखे धागे हवे असतात, आणि ते तो गारव्यातच बनवतो.

हा काही एकटाच असा हुशार नाही. रक्ती हगवणीचा शिगेला जंतूही सदतीस अंशांना आपली जनुकं चालू करतो आणि तीसला बंद ठेवतो. प्लेगचा जंतू पिसवेच्या थंड अंगात एक रूप घेतो, माणसाच्या उबेत दुसरं.

"फ्रीजमध्ये तो निःशस्त्र असतो, मग भीती कसली?" असं तुम्ही विचाराल. अहो, तो खाल्ल्यावर ऊब आपणच देतो ना! फ्रीज त्याची संख्या वाढू देतो आणि पुढचं काम आपलं शरीर करतं.

घाबरून फ्रीज बंद करायची गरज नाही. हा आजार तसा विरळाच आहे, शिवाय उष्णतेपुढे या जंतूचं काही चालत नाही. दूध वर येईपर्यंत तापवायची आपल्या आज्या-पणज्यांची पद्धत त्याला पुरून उरते. पाश्चरीकरणही पुरतं. धोका आहे तो न तापवता, थंडच खाण्याच्या पदार्थांचा. गरोदरपणी डोहाळे नेमके गारगार खाण्याचे लागतात, हीच तर पंचाईत! कच्च्या दुधाचं मऊ चीज आणि कुठल्या दुधाचं ते ठाऊक नसलेलं सुटं पनीर तिला तसंच देऊ नका. पनीर भाजीत घालून चांगलं शिजवा. उरलेलं अन्न एक-दोन दिवसांत संपवा आणि ते नुसतं कोमट न करता आतपर्यंत वाफ येईल असं गरम करा. कोशिंबिरीच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा आणि कोशिंबीर ताजीच वाढा. कच्चं मांस, मासळी झाकून खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजमध्ये काही सांडलं तर लगेच पुसा, कारण त्या ओलीवरही हा जंतू टिकतो. बर्फाच्या कप्प्यात त्याची वाढ थांबते, पण तो मरत नाही.

आणखी एक. खाणं आणि ताप यांत कधी काही दिवस, तर कधी दोन महिनेही जातात. तेव्हा गरोदर बाईला ताप आला तर "काल काही वावगं खाल्लं नव्हतं" म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे न्या, आधीच्या आठवड्यांत बाहेरचं चीज, पनीर किंवा न तापवलेलं दूध पोटात गेलं असेल तर तेही सांगा. रक्ताच्या तपासणीत हा जंतू ओळखता येतो, आणि योग्य प्रतिजैविक वेळेवर सुरू झालं तर पोटातलं बाळ वाचू शकतं.