बंद शटर पुन्हा उघडतील का?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या उपनगरातल्या मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, हे आज मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. सरकता जिना कधीचा बंद आहे. पहिल्या मजल्यावर ओळीने शटर खाली ओढलेली. तळमजल्यावर औषधाचे दुकान, एक झेरॉक्सवाला आणि अबाया शिवून देणाऱ्या एका खालांचा गाळा, एवढेच काय ते चालू आहे. खालांची नात आमच्या शाळेत सातवीला आहे. एकदा मधल्या सुट्टीत तिने विचारले, "टीचर, मॉल बंद झाला तर नानी कुठे बसणार?"

प्रश्न नुसता बसण्याचा नाही. तो गाळा खालांच्या मालकीचा आहे. मरहूम पतीने सौदीत वीस वर्षे राबून जे साठवले, ते सगळे त्यात गेले. आता गाळा विकायला काढला तर गिऱ्हाईक नाही आणि भाड्याने द्यायचा तर भाडेकरू नाही. देखभालीचे बिल मात्र दर महिन्याला येते.

हे दुखणे एकट्या आमच्या मॉलचे नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीने २०२४ च्या अहवालात देशातल्या मोठ्या शहरांत अशी ६४ शॉपिंग सेंटर मोजली होती, जिथे ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी आहे. मुंबईचेच उदाहरण घ्या. हाजी अलीजवळचे 'क्रॉसरोड्स' १९९९ मध्ये उघडले, ते देशातल्या अगदी सुरुवातीच्या मॉलपैकी एक. सुरुवातीला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड असलेल्यांनाच आत सोडत आणि बाकीच्यांकडून ६० रुपये घेत. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. दर्ग्याला जाताना रस्त्यावरूनच त्या काचा पाहायचो. पुढे मॉलची मालकी बदलली, त्याचे नाव 'सोबो सेंट्रल' झाले, जवळपास नवे मोठे मॉल उभे राहिले आणि तिथली वर्दळ आटत गेली. २०२४ मध्ये तो पुन्हा विकला गेला. ज्या दारात माणसे निवडून आत घेतली जात, त्याच दारात पुढे माणसांची वाट पाहायची वेळ आली.

मॉल ओस पडला की सगळे ऑनलाइन खरेदीला दोष देऊन मोकळे होतात. तो दोष आहेच, पण आमच्यासारख्या मॉलचे एक जुने दुखणे आहे. बांधणाऱ्याने गाळे सुटे सुटे विकले आणि तो निघून गेला. आता शंभर गाळ्यांचे शंभर मालक. कोणी दुबईत, कोणी पुण्यात. कोणते दुकान कुठे असावे, हे ठरवणारा कोणी नाही. दहा जणांनी देखभालीचे पैसे थकवले की आधी एसी बंद होतो, मग जिना, मग सफाई. स्वच्छतागृहाला कुलूप लागले की बायका-मुले येत नाहीत, आणि बायका-मुले येत नाहीत तो बाजार टिकत नाही.

मग अशा इमारतीचे करायचे काय? अमेरिकेतली दोन उदाहरणे आम्हाला फार उपयोगी वाटली. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरातला हायलँड मॉल १९७१ चा. तो रिकामा पडू लागला तेव्हा तिथल्या कम्युनिटी कॉलेजने तो विकत घेतला. २०१४ मध्ये एका जुन्या मोठ्या दुकानाच्या जागी वर्ग सुरू झाले. कपडे जिथे टांगलेले असत, तिथे सहाशेहून अधिक संगणकांचे अभ्यास दालन उभे राहिले. दुसरे उदाहरण नॅशव्हिल शहरातल्या 'वन हंड्रेड ओक्स' मॉलचे. तिथे वरच्या मजल्यावर व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचे दवाखाने आले आणि खाली दुकाने चालू राहिली. तपासणीला आलेला माणूस जाताना चार वस्तू घेऊन जातो, इतका साधा हिशेब.

खरे तर यात नवे काही नाही. इस्तंबूलचा झाकलेला बाजार सुलतान मेहमद फातेह यांच्या काळात, १४५५ च्या सुमारास सुरू झाला. त्याचे उत्पन्न आयासोफिया मशिदीच्या वक्फला जोडलेले होते. आगी लागल्या, १८९४ चा भूकंप झाला, तरी तो बाजार पुन्हा पुन्हा उभा राहिला. भोवती मशिदी, मदरसे, हमाम आणि सराया होत्या. माणूस तिथे फक्त खरेदीला जात नव्हता.

गेल्या महिन्यात गाळेधारकांची बैठक झाली. शाळेतले आम्ही दोघे-तिघे शिक्षकही गेलो. कोणी म्हणाले, रंग काढा. कोणी म्हणाले, फूड कोर्ट आणा. आम्ही म्हटले, लोक खरेदीला येत नसतील तर त्यांना कामासाठी येऊ द्या. आमच्या वस्तीत दोन खोल्यांत आठ माणसे राहतात. दहावीची मुले जिन्यात बसून अभ्यास करतात. बंद गाळ्यांपैकी तीन-चार सलग गाळे वर्षभर बिनभाड्याने द्या, देखभाल खर्च तेवढा घ्या, तिथे अभ्यासिका काढू. शेजारी दवाखाना आणि शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्र आणू. बायकांसाठी नमाजची आणि वजूची जागा करू. पण सगळ्यात आधी स्वच्छतागृहाचे कुलूप काढा.

एक गाळेधारक चिडून म्हणाले, "टीचर, हा मॉल आहे, खैरातखाना नाही." त्यांचेही चुकीचे नाही, त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे. आम्ही एवढेच विचारले, "भाईजान, गेल्या तीन वर्षांत तुमच्या बंद गाळ्याने तुम्हाला किती भाडे दिले?" ते गप्प झाले.

अडचणी पुढे आहेतच. जागेचा वापर बदलायचा तर महापालिकेची परवानगी लागेल, आगीच्या सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागेल. बाहेरगावच्या मालकांच्या सह्या मिळवणे हे तर सगळ्यात चिवट काम. थकबाकीचा हिशेब भिंतीवर उघडा लावायचा, एवढे मात्र त्या रात्री ठरले. अभ्यासिकेसाठी दोन गाळे तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाले. हवे होते चार.

पहिल्या संध्याकाळी अकरा मुले आली. तिसऱ्या आठवड्यात बाके कमी पडली आणि आम्ही शाळेतून सतरंज्या नेल्या. मुलांना न्यायला येणाऱ्या अम्मीजान खालांच्या गाळ्यापाशी थांबू लागल्या. कोणाची बाही आखूड करायची, कोणाला ईदसाठी अबाया हवा. झेरॉक्सवाल्याने वह्या आणि पेनांची बरणी ठेवली. बाकीची शटर अजून बंदच आहेत. तीन महिन्यांनंतर काय होईल, ते मालकांच्या सह्यांवर आहे.

तुमच्या गावातही असे एखादे शॉपिंग सेंटर असेल. पुढच्या वेळी त्याच्या समोरून जाताना एकदा आत डोकावून पाहा. तिथेही एखाद्या खाला शिलाई मशीन पुसून गिऱ्हाइकाची वाट पाहत असतील. दुपट्ट्याला लेस लावायची असेल तर त्यांच्याकडेच द्या. इमारत जगवायची ती पुढची गोष्ट, सुरुवात एवढ्यापासून होते.