घाऱ्या डोळ्यांपाशी गणित अडतं

काळे डोळे असे नसतातच. धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरला एका तांबटाच्या दाराशी, तिरप्या उन्हात, तिथल्या बाबांच्या डोळ्यासमोर भिंग धरलं तेव्हा लांबून काळंभोर वाटणारं बुबुळ चक्क गडद तपकिरी निघालं. आत हंड्यावर मठार चालू होती. घरातल्या आजी मात्र घाऱ्या. ‘‘मन्हा डोयामा काय देखी राहिना रे भाऊ?’’ म्हणत हसल्या, पण डोळा मिटला नाही.

त्यांच्या बाहुलीभोवती मधाळ कडं होतं, त्यातून निघालेले बारीक धागे, आणि कडेला हिरवट राखाडी झाक. गंमत म्हणजे बुबुळात हिरवं किंवा निळं रंगद्रव्य नसतंच. असतं ते मेलॅनिन. मागच्या थरात ते जवळजवळ सगळ्यांच्याच भरपूर असतं. पुढच्या थरात कमी पडलं, की धाग्यांवरून विखुरलेला प्रकाश डोळ्याला निळसर-हिरवट करतो.

हे कमी-जास्त ठरतं मुख्यतः पंधराव्या गुणसूत्रावर. तिथल्या एचईआरसी2 जनुकातलं डीएनएचं एक अक्षर शेजारच्या ओसीए2ला मेलॅनिनच्या कामाला लावतं किंवा थोपवतं. 2008 साली हे उलगडलं. आजींचा नातू गडद तपकिरी डोळ्यांचा आहे. तरी घारेपणाचं एखादं अक्षर त्याच्यात गुपचूप बसलेलं असू शकतं. अर्थात एका अक्षरावर सगळं ठरत नाही. निळ्या डोळ्यांच्या आईबापांना तपकिरी डोळ्यांचं मूल होणारच नाही, हा जुना शालेय नियम म्हणूनच टिकला नाही.

2011मध्ये सुझन वॉल्श, मॅनफ्रेड कायझर आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून डोळ्यांचा रंग सांगणारी ‘आयरिसप्लेक्स’ ही चाचणी मांडली. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या नमुन्यातून डीएनए काढायचा, त्यातल्या सहा जागांच्या प्रती वाढवून तिथली अक्षरं वाचायची आणि निळा, मधला, तपकिरी यांची शक्यता काढायची. 31 पिकोग्रॅम डीएनए पुरतो, म्हणजे पाचेक पेशींतला! पण शक्यतेचं हे गणित बसवलंय नेदरलँड्सच्या लोकांवर. निळा आणि तपकिरी ते छान ओळखतं. ‘मधल्या’ खान्यापाशी अडखळतं, आणि आपल्याकडचे घारे डोळे बहुतेक तिथलेच.

तपकिरीचं उत्तर खानदेशात जवळजवळ दरवेळी बरोबर येईल, पण ते प्रयोगशाळेशिवायही देता येतं. ‘संशयिताचे डोळे तपकिरी’ एवढाच अहवाल हाती आला, तर पोलिसांना अख्खा धुळे जिल्हा चौकशीला बोलवावा लागेल.