देशमुख, काजी आणि कोहेन

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली या गावात जन्मले. देशमुख हे मुळात पद. त्याचं वतन झालं, ते बापाकडून मुलाकडे गेलं आणि शेवटी नुसतं आडनाव उरलं. याच रायगड जिल्ह्यात दुसरी तऱ्हाही आहे: किहीमचा तो किहीमकर, रोह्याचा तो रोहेकर. माणसाला ओळख देतो एक तर हुद्दा, नाहीतर गाव. एवढं ध्यानात ठेवून बायबलमधले इब्री लोक वाचा, गंमत येते.

पहिली गंमत नावाची. 'इब्री' शब्दाच्या मुळाशी ओलांडण्याचा अर्थ आहे. इब्री म्हणजे पल्याडचा. आपण 'घाटावरचा' म्हणतो ना, तसा. म्हणूनच हा शब्द बहुधा परक्यांच्या संगतीत येतो. मिसरची राजकन्या पाण्यातल्या बाळाला इब्र्यांचं मूल म्हणते. वादळात खलाशी विचारतात तेव्हा योना स्वतःला इब्री म्हणवतो. 'यहुदी' हे नाव यहूदा या वंशाचं आणि त्याच्या प्रदेशाचं. पण एस्तेरच्या गोष्टीतला मर्दखय बन्यामीन वंशाचा असूनही यहुदीच म्हटला जातो. पोलादपूरचा माणूस गणपतीला घरी आला की वाडीत मुंबईकर होतो, त्यातलाच प्रकार. आपसातलं, घरचं नाव मात्र तिसरंच: बेने इस्रायल, इस्रायलची लेकरं.

आणि हेच घरचं नाव आपल्या किनाऱ्यावर, कोकणातल्या यहुद्यांमध्ये टिकलं! अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्रायलांची परंपरा सांगते. ते तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी विसाव्याचा दिवस पाळून घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. पुढे दावीद राहाबी नावाचा जाणकार आला. त्याने बायकांपुढे मासळी ठेवली आणि त्यांनी पर-खवले नसलेली, शास्त्राने वर्ज्य ठरवलेली, बाजूला काढली; तेव्हा त्याने ओळखलं, हे आपलेच. तो नेमका कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मात्र या गोष्टीत मौज वाटते ती साक्षीदारांची. वंशावळ नाही, ग्रंथ नाही. साक्ष कोकणातल्या चुलीची.

राहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शहापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवले. त्यांना लोक म्हणू लागले काजी. अरबी शब्द, अर्थ न्याय देणारा. मग ते पदही वंशपरंपरेने चाललं, देशमुखीसारखं. जोडीला मुकादम आणि चौगुला, प्रार्थनास्थळाला शब्द मशीद. याउलट जुन्या करारातला याजक, म्हणजे कोहेन, हा मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातलाच लागतो. ते पद कमावता येत नाही. बेने इस्रायलांत कोहेन घराणी परंपरेने नव्हतीच.

मग हे नेतृत्व शास्त्राबाहेरचं म्हणायचं? मला तसं वाटत नाही. मराठी बायबलात 'शास्ते' नावाचं पुस्तक आहे. राजे येण्याआधी इस्रायलात निवाडा करणारी माणसं पुढारपण करत. हिब्रूत शोफेत, म्हणजे न्यायाधीश. दबोरा तर खजुरीखाली बसून लोकांचे तंटे सोडवी. त्याहून नवल, मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणूस नेमून न्याय वाटून द्यायचा सल्ला दिला तो त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने. इथ्रो मिद्यानचा याजक, इस्रायली नव्हेच. परक्याकडून आलेली व्यवस्था आपली होऊ शकते, हे शास्त्रातच लिहून ठेवलेलं आहे. काजी, मुकादम, चौगुला हे शब्द उसने. कामं त्या शास्त्यांची आणि वडीलधाऱ्यांची. माझं मत विचाराल तर कोकणातल्या या वस्त्या जेरुसलेमच्या मंदिरापेक्षा शास्त्यांच्या काळाला जवळच्या होत्या.

पण शास्त्राचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न उरतोच. इस्रायलात गेलेल्या बेने इस्रायलांना तो चांगलाच भोवला. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा फतवा काढला. शतकानुशतकं शनिवारी घाणा थांबवणाऱ्यांना आता पूर्वजांचा दाखला मागितला गेला! लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. त्यानंतर रब्बींना आपल्या आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं.

अलिबागला गेलात तर किल्ला बघून परतू नका. इस्रायल आळीतलं मागेन अबोथ हे प्रार्थनास्थळ पाहा आणि नवगावला जाऊन बुडालेल्यांच्या स्मारकापाशी थोडं थांबा.